युसूफ यांचा सदरा

कुराणात बहुतेक पैगंबरांच्या कथा निरनिराळ्या अध्यायांत विखुरलेल्या आहेत. हजरत युसूफ यांची कथा मात्र बाराव्या अध्यायात, १११ आयतींमध्ये, सलग येते. बायबलमधले योसेफ ते हेच. या कथेत राजवाडा आहे, तुरुंग आहे, दुष्काळ आहे. पण मला ती मुख्यतः एका घराची कथा वाटते. आणि या घराचे सुखदुःख युसूफ यांचा सदरा तीन वेळा सांगतो.

हजरत इब्राहीम यांचे नातू हजरत याकूब. त्यांना बारा मुलगे. धाकट्या युसूफवर वडिलांची माया जास्त, म्हणून थोरल्या भावांच्या मनात मत्सर. खेळायला म्हणून त्यांनी युसूफला रानात नेले आणि विहिरीत टाकले. संध्याकाळी रडत घरी आले आणि म्हणाले, लांडग्याने खाल्ले! पुरावा म्हणून रक्त लावलेला सदरा पुढे केला. भाष्यकार सांगतात, सदरा कुठेच फाटलेला नव्हता. बापाने ओळखायचे ते ओळखले, आणि ‘सब्र’ धरला. आपल्या मराठीतली ‘सबुरी’ याच अरबी शब्दाच्या कुळातली.

एका काफिल्याने युसूफला विहिरीतून काढून मिसर देशात विकले. तिथे मालकाच्या पत्नीने त्यांच्यावर आळ घेतला. पण सदरा पाठीमागून फाटला होता, म्हणजे युसूफ पळत होते; त्यांचे निर्दोषत्व सिद्ध झाले. तरीही पुढे तुरुंग चुकला नाही. राजाला पडलेल्या सात पुष्ट आणि सात रोडक्या गायींच्या स्वप्नाचा अर्थ त्यांनी सांगितला, तेव्हा सुटका झाली आणि राज्याची कोठारे त्यांच्या हाती आली.

इकडे रडून रडून याकूब यांची दृष्टी गेली. तरी त्यांनी दोषी मुलांना घराबाहेर काढले नाही. उलट त्यांनाच सांगितले, जा, युसूफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, ईश्वराच्या दयेची आशा सोडू नका. ज्यांनी हरवला, त्यांनाच शोधायला पाठवणारा हा बाप!

दुष्काळात धान्यासाठी आलेल्या भावांना युसूफ यांनी अखेर आपली ओळख दिली. सत्ता त्यांच्या हाती होती आणि अपराधी समोर उभे होते. पण ते म्हणाले, आज तुम्हाला कसलाही दोष नाही. सन ६३० मध्ये मक्का ताब्यात आल्यावर हजरत मुहंमद पैगंबरांनी आपल्या जुन्या शत्रूंना याच शब्दांत अभय दिले, असे परंपरा सांगते.

मग युसूफ यांनी आपला सदरा वडिलांकडे पाठवला. काफिला मिसरहून निघाला आणि दूर घरी बसलेल्या याकूब यांना मुलाचा गंध आला. सदरा चेहऱ्यावर ठेवताच दृष्टी परतली. एका सदऱ्याने घर अंधारात लोटले होते, दुसऱ्याने उजेड आणला.

शेवटी सारे कुटुंब एकत्र येते, तेव्हा युसूफ ईश्वराचे आभार मानतात. त्याने मला तुरुंगातून बाहेर काढले, असे ते म्हणतात. विहिरीचे नावही काढत नाहीत. भाऊ समोर बसलेले असतात ना! क्षमा केल्यावर जुनी गोष्ट पुन्हा बोलून दाखवायची नाही, हे पथ्य त्यांनी पाळले. भाऊबंदकीत दुरावलेल्या आपल्या घरांनीही यातून काही घ्यावे, असे मला वाटते.