बोट कुठं थांबवायची? कोकण किनाऱ्यावर माणसं बदलण्यासाठी तळ निवडताना

(या भागाची लिखित प्रत. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं तेवढी पूर्ण केली आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

कोल्हापुरातून बोलतोय. बाहेर ऊन असं आहे की रंकाळ्यावर दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही. आणि अशात आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. तो म्हणतो, "दादा, आम्ही आठ जण आहोत. एप्रिल-मेमध्ये शिडाच्या बोटीनं मुंबई ते गोवा आणि परत, असा बेत आहे. सगळ्यांना सलग सुट्टी नाही. म्हणून चार जण पहिला टप्पा करणार, चार जण दुसरा. मध्ये माणसं बदलायची. मालवणला बदलू की रत्नागिरीला?"

प्रश्न साधा वाटतो. नकाशा उघडायचा, मधलं गाव बघायचं, बोट ठेवायचं, झालं. आम्हीही एकदा हेच केलं होतं. आणि आमच्यातल्या एका मैत्रिणीचं बोट त्यात मोडलं. म्हणजे हाताचं बोट. ती गोष्ट आधी सांगतो, मग तुझ्या प्रश्नाकडं येतो.

गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, आमची होती. गाव सुंदर, समोर किल्ला, मासे फर्स्टक्लास. आम्ही ठरवलं, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता जेटीवर भेटायचं. खालची चार माणसं वर चढणार, वरची चार उतरून रात्रीत कोल्हापूर गाठणार, कारण सोमवारी ऑफिस. आता झालं काय, बोटीला यायला उशीर झाला. वाऱ्याला आमच्या ऑफिसशी काय देणंघेणं? अंधार पडला. शहाणपण असं सांगत होतं की रात्री अनोळखी बंदरात शिरू नका, बाहेर थांबा किंवा मागच्या खाडीत जा. पण जेटीवर चार माणसं बॅगा घेऊन उभी, फोनवर फोन. तांडेलाच्या डोक्यावर तो दबाव आला आणि आम्ही आत घुसलो. लाटा होत्या. छोट्या होडीतून बोटीवर चढताना मैत्रिणीचा हात दोन्हीच्या मध्ये सापडला. एक्स-रे कुठं? चाळीस किलोमीटरवर. तेही रात्री साडेनऊला.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. समुद्रावर माणसं जास्त करून वादळामुळं नाही, तर तारखेमुळं अडचणीत येतात. सुट्टी संपतेय, तिकीट काढलंय, कुणीतरी वाट बघतंय, म्हणून निघायला नको तेव्हा निघतात. मग माणसं बदलायचा तळ कसा निवडायचा? माझं उत्तर एका वाक्यात: जिथं वाट बघणं सोपं आहे, ते गाव. बोटीला माणसांची वाट बघता आली पाहिजे आणि माणसांना बोटीची. दोघांनाही एक दिवस, दोन दिवस, न चिडता.

आता हे कसं तपासायचं ते बघू.

पहिलं म्हणजे वारा. उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून हलका वारा असतो, मतलई वारा. शाळेत शिकलोय आपण. ऊन चढलं की तो पडतो आणि दुपारी समुद्राकडून वायव्येचा खारा वारा सुटतो. एप्रिल-मेमध्ये तो चांगलाच जोर धरतो. याचे दोन अर्थ. एक, मुंबईकडून गोव्याकडं जाताना वारा पाठीशी, मजा. परत येताना तोंडावर, म्हणजे नागमोडी जायचं आणि वेळ कधीकधी दुप्पट. म्हणून दोन्ही टप्प्यांना सारखे दिवस देऊ नका. दोन, माणसं बदलायची ती सकाळी, दहाच्या आत, पाणी शांत असताना. दुपारनंतर होडीतून चढ-उतर नको.

आता इथं आपण कोल्हापूरकर मार खातो. आपलं गणित असतं, "पहाटे पाचला निघू, नऊ-दहाला पोचू, नाद खुळा!" पण घाट उतरून, नाश्ता करून, जेटी शोधून होईपर्यंत अकरा वाजलेले असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि किनाऱ्यावर मुक्काम करायचा. म्हणजे तळाच्या गावात राहायची स्वस्त सोय हवी. ही चैन नाही, सुरक्षिततेचा भाग आहे.

दुसरं, भरती. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. शिडाच्या बोटीचा तळ पाण्यात दीड-दोन मीटर खोल जातो. ओहोटीला आत शिरताना बोट वाळूवर बसू शकते. कोकणात एक जुना हिशेब आहे, मला फार आवडतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, त्यामुळं शेवटचा शब्द भरती-ओहोटीच्या तक्त्याचाच. पण बेत आखताना कॅलेंडर पुरतं. आपल्याला सकाळची भरती हवी ना? मग एकादशी ते त्रयोदशी बघा, सव्वाआठ ते पावणेदहा. घरात आजी असेल तर तिला विचारा, ॲप लागणार नाही.

तिसरं, घाट. कोल्हापूरहून कोकणात रेल्वे नाही. रत्नागिरीला आंबा घाट, वैभववाडीकडं गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, कणकवली-देवगडकडं राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, आणि सावंतवाडीकडं आंबोली. एकाच घाटावर सगळं अवलंबून ठेवू नका. 2024 मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता, तेव्हा लोकांना भुईबावड्यानं जावं लागलं. आणि दाजीपूरच्या पट्ट्यात रात्री गाडी पळवू नका. वळणावर गवा उभा असतो आणि तो हॉर्नला घाबरत नाही.

चौथं, दवाखाना, डिझेल, पाणी, बाजार. आमच्या एक्स-रेची गोष्ट आत्ताच ऐकलीत, जास्त बोलत नाही.

आता एकेक गाव घेऊ.

रत्नागिरी. मुंबईपासून सव्वाशे सागरी मैलांच्या आत. जिल्हा रुग्णालय, रेल्वे स्टेशन, मोठा बाजार, कोल्हापूरचा सरळ रस्ता. सोयीत एक नंबर. पण मिरकरवाडा हे मासेमारीचं गजबजलेलं बंदर आहे. सकाळी तिथं शेकडो लोकांच्या पोटाचा धंदा चालू असतो, आपण हौशे मध्ये घुसलो तर आपणच अडचण होतो. आणि गोव्याच्या टप्प्यासाठी ते जरा उत्तरेला पडतं.

मालवण. आता हे आपलं दुखतं नस्ताचं ठिकाण. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर एकेकाळी करवीर संस्थानाकडं होतं. 1812 च्या तहात ते इंग्रजांकडं गेलं. म्हणजे कोल्हापूरला स्वतःचं बंदर होतं, मंडळी! त्यामुळं मन तिकडं ओढ घेतं. पण किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत. ज्या खडकांनी किल्ल्याचं रक्षण केलं, तेच अनोळखी बोटीला नडतात. त्यात पर्यटकांच्या होड्या. मालवणला जरूर थांबा, स्थानिक माणूस सोबत घेऊन आत जा, मासे खा. पण घाईत माणसं बदलायला ते ठिकाण नाही.

विजयदुर्ग. आडोसा बघायचा तर जबरदस्त. वाघोटन खाडीच्या तोंडाशी किल्ला, आत शांत खोल पाणी. आंग्र्यांचं आरमार उगाच तिथं नव्हतं. जवळच गिर्येला जहाजांची गोदी होती. पण आज गाव छोटं आहे. रेल्वे लांब, मोठा दवाखाना लांब. बोटीला वाट बघायला उत्तम, माणसांना अवघड.

आणि देवगड. देवगडचं बंदर आत वळलेलं आहे, टेकडी समुद्राचा जोर अडवते. तालुक्याचं गाव, त्यामुळं ग्रामीण रुग्णालय, बाजार, पेट्रोलपंप, लॉज. कोल्हापूरहून राधानगरी-फोंडा-नांदगावमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून येणाऱ्यानं कोकण रेल्वेनं कणकवलीला उतरायचं, तिथं उपजिल्हा रुग्णालयही आहे. समुद्रानं बघितलं तर मुंबईपासून दीडशे सागरी मैलांच्या आसपास, पणजीपासून पन्नास-पंचावन्न. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विजयदुर्ग फक्त अकरा-बारा सागरी मैल उत्तरेला. म्हणजे देवगडात शिरता येत नसेल तर बोट विजयदुर्गला थांबते आणि माणसं देवगडात लॉजवर आंबा खात बसतात. दोघंही सुखात.

तर भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मालवणही नको, रत्नागिरीही नको. तळ देवगड, राखीव विजयदुर्ग. रत्नागिरी कधी? जर तुमच्यात कुणाची तब्येत नाजूक असेल किंवा निम्मी माणसं मुंबईची असतील, तर रत्नागिरीच घे. तिथं दवाखान्याला आणि रेल्वेला आडोशापेक्षा जास्त मार्क.

ही राखीव ठिकाणाची गोष्ट मोठ्या मोहिमांनाही चुकत नाही. नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या होत्या, 2017 ते 2018. बेतातले थांबे चार: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. पण परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि बेतात नसलेल्या मॉरिशसला थांबावं लागलं. थांबल्या, दुरुस्त केलं, मग गोव्याला आल्या. कुणी त्यांना उशीर झाला म्हणून नावं ठेवली नाहीत.

आणि व्यापारी जहाजांवर हाच प्रश्न 2020 मध्ये केवढा मोठा झाला! कोविडमुळं बंदरं बंद, खलाशी महिनोन्‌महिने जहाजावर अडकलेले. आपल्या ओळखीतल्या मर्चंट नेव्हीतल्या पोरांना विचारा. तेव्हा जुलैमध्ये केरळात विळिंजमला खलाशी बदलायला सुरुवात झाली. का विळिंजम? आंतरराष्ट्रीय जलमार्ग अगदी जवळून जातो, आणि तिरुवनंतपुरमचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. जहाजाला वाकडी वाट करावी लागत नाही आणि माणसाला घर गाठता येतं. तीच दोन गणितं, फक्त आकडे मोठे.

आता बदलाच्या दिवसाबद्दल थोडं. जुन्या आणि नव्या माणसांनी एक रात्र एकत्र काढा. इंजिन किती तास चाललं, पाणी किती उरलं, गॅस कधी बदलला, कुठला नळ गळतो, नांगर कसा अडकतो, हे कागदावर लिहून आणि हात लावून दाखवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी अंधारात कुणी वाचत नाही. बंदराच्या कार्यालयात आणि सागरी पोलिसांना कोण उतरलं, कोण चढलं ते कळवा. ओळखपत्रं सगळ्यांजवळ ठेवा, 26/11 नंतर किनाऱ्यावर विचारणा होतेच आणि व्हायलाच हवी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 फोनमध्ये ठेवा, आणि रेडिओचं चॅनल 16 सगळ्यांना लावता आलं पाहिजे, फक्त तांडेलाला नाही.

शेवटची गोष्ट, आणि ही गंमत नाही. मे महिन्याचा पहिला आठवडा संपला की परतीचं बघा. 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ मे महिन्याच्या मध्यावर आपल्या किनाऱ्यावरून गेलं. मी ज्या देवगडची एवढी शिफारस केली, तिथल्याच आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या बोटी बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. ती समुद्रावर आयुष्य काढलेली माणसं होती. त्यामुळं "आडोशाचं बंदर आहे, काही होत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. हवामान खात्याचा इशारा आला की बोट बांधा, माणसं खाली उतरवा, घाट चढा. सुट्टी वाया गेली तर जाऊ दे.

आणि बेत करताना सगळ्यांना एक विचारा: तारीख पक्की हवी की गाव पक्कं? दोन्ही मिळणार नाही. गाव पक्कं हवं असेल तर तारखेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा, बॉसला आधीच सांगा. ज्याला ते जमत नाही, त्यानं या वेळी बोटीवर येऊ नये, देवगडात भेटायला यावं. आमच्या मैत्रिणीचं बोट जुळलं, पण मूठ अजून पूर्ण वळत नाही. तरी या वर्षी ती येतेय. तिची अट एकच आहे: रविवारी रात्री परत यायचं तिकीट कुणीही काढलेलं नसेल.

तुमचा बेत कुठला, कुठल्या खाडीत थांबलात, काय फसलं, व्हॉइस नोट पाठवा. एक मिनिटाच्या आत, आणि वाऱ्याचा आवाज न येता. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, पाणी पीत राहा!