वाफ्यातील लव्हाळा

महापुरात वाकून टिकणाऱ्या लव्हाळ्याचा दृष्टान्त तुकोबांनी नम्रतेसाठी घेतला. त्याच नावाचे तण घरापुढील वाफ्यात शिरले म्हणजे त्या टिकण्याची दुसरी बाजू बागवानाच्या ध्यानी येते. पूर्वी बडोदे संस्थानात असलेल्या करजणच्या काळ्या जमिनीतही हा पाहुणा परिचयाचा आहे. मराठी घरांत त्याला लव्हाळा म्हणतात, गुजराती माळी चिढो म्हणतो आणि वैद्य मुस्ता या नावाने त्याचे कंद औषधात घालतात.

श्रावणात झेंडूची व शेवंतीची रोपे जीव धरू लागतात आणि त्यांच्याभोवती गडद हिरवी, टोकदार पाती उभी राहतात. घरधनी खुरपे घेऊन ती छाटतो व वाफा स्वच्छ झाल्याचे समाधान मानतो. आठवडा उलटतो न उलटतो तोच पूर्वीपेक्षा दाट पाती वर येतात. दसऱ्यापर्यंत फुलझाडे खुरटतात आणि देवाला वाहायची फुले बाजारातून आणावी लागतात. येथे कष्टांत कसूर नसते. कष्ट चुकीच्या ठिकाणी पडलेले असतात.

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवत नव्हे. त्याच्या तुऱ्याची दांडी बोटांत फिरवली तर तिला तीन कडा लागतात. त्याचे खरे बळ जमिनीखाली असते. तेथे काळसर गाठी बारीक धावत्या खोडांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत तिच्यातील बऱ्याच गाठी निजून राहतात. खुरप्याने ती तुटली की निजलेल्या गाठी जाग्या होतात आणि प्रत्येक गाठ आपले स्वतंत्र रोप काढते. उथळ खुरपणी ही अशा रीतीने कित्येकदा नकळत केलेली लावणीच ठरते. जगातील दुष्ट तणांवर होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्यालाच दिला होता.

तथापि या शत्रूची दोन मर्मस्थाने आहेत. त्याच्या गाठीला कोरडे ऊन सोसत नाही आणि त्याच्या पात्याला सावली मानवत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात वाफा रिकामा ठेवावा. काळी माती तेव्हा दगडासारखी होते. तिला आधी पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा व मग वीतभर खोल खणावे. ढेकळे फोडावीत, कारण ढेकळाच्या पोटातील गाठीपर्यंत ऊन पोचत नाही. दिसतील तेवढ्या गाठी वेचाव्यात आणि खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत. राहिलेल्यांना उन्हात सुकू द्यावे, माती अधूनमधून उलटावी व पुन्हा पाणी देऊ नये.

पाऊस पडल्यावर जे कोंब फुटतील ते ओल्या मातीतून गाठीसकट काढावेत, आणि हे काम दर पंधरवड्यास करावे. फुटलेले रोप काही आठवड्यांतच नव्या गाठी धरू लागते. तेवढी मुदत त्याला मिळू देऊ नये. झेंडू दाट लावला तर त्याच्या सावलीत लव्हाळा क्षीण होतो. प्लॅस्टिकचे पातळ आच्छादन मात्र पुरेसे नव्हे, कारण अणकुचीदार कोंब ते भेदून वर येतो.

ग्लायफोसेटसारखे तणनाशक हिरव्या पात्यातून त्याच्याशी जोडलेल्या गाठीत उतरते; निजलेल्या गाठी त्यातून बचावतात. शिवाय त्याचे तुषार गुलाबावर उडाल्यास गुलाबही दगावतो. फुललेल्या वाफ्यात त्याचा उपयोग न करणेच शहाणपणाचे.

लव्हाळा बहुधा कुंडीतील मातीबरोबर किंवा विकतच्या खतातून येतो. तेव्हा नवे रोप लावण्यापूर्वी त्याची माती चाळून पाहावी. वरील क्रम दोन-तीन वर्षे न चुकता पाळला तर वाफा पुन्हा फुलांचा होतो. मात्र एका पावसाळ्याची हयगय आधीच्या सर्व श्रमांवर पाणी फिरवते.