निरोपाचा हिशेब



वसंतातल्या प्रसन्न संध्याकाळी मरणाचा विषय काढला म्हणून आपण आम्हांवर रुष्ट होऊ नये. मरणाविषयी आपण कमी बोलतो असे नाही. आत्मा अमर आहे, देह नश्वर आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण माणूस गेल्यावर दाखला कोणाकडून आणायचा, गाडी कोणी बोलवायची, खर्च किती येईल, हा विषय घरात कोणी काढला की, “शुभ बोल नाऱ्या!” म्हणून त्याला गप्प बसवतात. आज आम्हांला बोलायचे आहे ते नेमके या अभद्र मानलेल्या विषयावर.

आपल्याकडे कोणी गेले की आळीतली चार माणसे न बोलावता येत. एक जण डॉक्टरांकडे जाई, दुसरा सामान आणी, तिसरा नातलगांना तारा करी. तिरडी बांधणारा एखादा जाणता गृहस्थ आळीत असेच. घरच्यांनी रडावे आणि बाकीचे आळीने पाहावे, असा तो अलिखित करार होता. पाश्चात्त्य देशांत हे सारे काम एका व्यवसायाकडे गेले. तो करणाऱ्याला इंग्लंडात अंडरटेकर म्हणत; अमेरिकेत त्याला फ्यूनरल डायरेक्टर, म्हणजे अंत्यविधीचा व्यवस्थापक, असे भारदस्त नाव मिळाले.

अमेरिकेत हा व्यवसाय वाढला त्याला एक युद्ध कारण झाले. १८६१ ते १८६५ या काळातल्या यादवी युद्धात तरुण मुले घरापासून शेकडो मैलांवर पडत. त्यांचे देह घरी पोचेपर्यंत टिकावेत म्हणून त्यांत औषधी द्रव्य भरण्याची रीत सुरू झाली. डॉ. टॉमस होम्स यांचे नाव या कामी प्रसिद्ध आहे. १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचा वध झाला, तेव्हा त्यांचाही देह असाच टिकवून आगगाडीने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेण्यात आला. वाटेत गावोगाव लोकांनी दर्शन घेतले. युद्धातली निकड पुढे घरोघरची चाल झाली. मग शवपेटी, सजवलेले दालन, फुले आणि लांबलचक मोटार हे सारे तिच्यामागोमाग आले.

येथे खरी अडचण सुरू होते. आपण साधी पातेली घ्यायला गेलो तरी चार दुकाने फिरतो. पण जिच्या नवऱ्याचा देह अजून घरात आहे, ती बाई चार दुकाने कशी फिरणार? तिला पहिल्यांदा महागडी पेटी दाखवावी, “साहेबांना हीच शोभेल,” असे हळू आवाजात म्हणावे, की ती मान हलवते. तिला भाव विचारायची लाज वाटते. भाव विचारणे म्हणजे प्रेमात कसर करणे, असे तिला वाटते. सगळेच व्यवस्थापक लोभी असतात असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ जण हे अवघड काम मायेने करतात. पण ज्या सौद्यात एका पक्षाला बोलण्याचेही त्राण नाही, तो सौदा नुसत्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

जेसिका मिटफर्ड या लेखिकेने १९६३ साली या व्यवसायावर ग्रंथ लिहिला, तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. पुढे १९८४ पासून तेथे मध्यवर्ती व्यापार आयोगाचा नियम अमलात आला. समक्ष येऊन विचारील त्याच्या हाती प्रत्येक बाबीचे वेगळे दर लिहिलेले पत्रक दिले पाहिजे. टेलिफोनवरही दर सांगितले पाहिजेत. दहनासाठी शवपेटी घ्याच, अशी सक्ती करता येत नाही. जळू शकेल असे साधे खोके चालते. देह औषधाने टिकवणे सरसकट कायद्याने आवश्यक आहे, असे खोटे सांगता येत नाही. ठरलेल्या गोष्टींचा बाबवार हिशेब लेखी द्यावा लागतो. ब्रिटनमध्येही २०२१ पासून दरपत्रक लावणे सक्तीचे झाले.

आपण म्हणाल, हे परदेशचे पुराण आम्हांला कशाला? त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आपली मुलेबाळे आज त्या देशांत राहतात. तेथे घरातले कोणी गेले तर आळी येत नाही. व्यवस्थापकाला फोन करावा लागतो. तेव्हा शांतपणे विचारावे: दरपत्रक द्या, आम्हांला केवळ दहन हवे आहे, त्यात काय काय धरले आहे? आमचा पुरोहित येईल, त्याला वेळ किती मिळेल? देहाला स्नान घालायचे आहे, ते घरच्यांना करता येईल का? देह भारतात न्यायचा तर विमानासाठी औषधी प्रक्रिया आणि वकिलातीची कागदपत्रे लागतात. अस्थी आणणे त्या मानाने सोपे आहे.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. येथेही आता आळ्या राहिल्या कोठे? बंद दारांच्या इमारती झाल्या, मुलगा समुद्रापार गेला, आणि मोठ्या शहरांत पैसे घेऊन अंत्यविधीची सारी व्यवस्था करणारे लोक पुढे आले. ते यावेत, त्यात वाईट नाही. पण दरपत्रक मागण्याची सवय आपण आजच लावून घेतली पाहिजे. “मरणातही घासाघीस?” असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे उलट आहे. दर आधी लिहिलेला असला म्हणजे घासाघीस करावीच लागत नाही.

आणि त्याहूनही आधीचे एक काम आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांचे. विद्युतदाहिनी की लाकडे, मंत्र हवेत की नकोत, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवावे. नेत्रदान करायचे तर साधारण सहा तासांच्या आत ते व्हावे लागते. देहदानाला आपल्याकडे १९४९ च्या कायद्याचा आधार आहे. पण इच्छा कपाटात कुलूपबंद राहिली तर ती पार कोण पाडणार? डॉक्टरांचा दाखला आणि एकवीस दिवसांत मृत्यूची नोंद, हेही घरात एकाला तरी ठाऊक असावे. बाप गप्प राहून जातो, आणि पोरे त्याच्या उशाशी भांडतात: “बाबांना हे आवडले नसते!” “तुला काय ठाऊक?” असे भांडण वर्षानुवर्षे मिटत नाही.

१८९५ साली गोपाळराव आगरकर वारले, तेव्हा आपल्या दहनापुरते पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवलेले सापडले, अशी आठवण सांगतात. तिच्याकडे आपण दारिद्र्याची खूण म्हणून पाहतो. आम्हांला तीत पत्नीवरची माया दिसते. आपल्यामागे तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढी काळजी त्या माणसाने शेवटच्या दुखण्यात घेतली. तेवढी पुरचुंडी, आणि तिच्यासोबत चार स्पष्ट शब्द, प्रत्येक घरात असावेत, इतकेच आमचे मागणे आहे.