कष्टकऱ्यांच्या गळ्यांतील ‘ब्लूज’

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली; परंतु कायद्यानें मिळालेलें स्वातंत्र्य पोटाला पुरेना. मिसिसिपी संस्थानांतील कापसाच्या मळ्यांत असंख्य कृष्णवर्णी कुटुंबें गोऱ्या धन्याची जमीन अर्धेलीनें कसूं लागलीं, आणि साखळीच्या जागीं कर्जाची वही आली. ‘ब्लूज’ म्हणजे मनाची खिन्नता. या नांवाचें गाणें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच जीवनांतून उगवलें. शेतांतल्या एकाकी आरोळ्या, कामकऱ्यांचीं सामुदायिक गाणीं आणि प्रार्थनामंदिरांतील भजनें हे त्याचे पूर्वज होत.

डब्ल्यू. सी. हँडी हे कृष्णवर्णी बँडमास्तर १९०३ च्या सुमारास टटवायलर स्टेशनावर रात्रीं गाडीची वाट पाहत होते. तेथें फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत असलेला त्यांनीं ऐकला. इतकें विलक्षण संगीत आपण कधींच ऐकलें नव्हतें, असें त्यांनीं १९४१ च्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

ही विलक्षणता कशांत आहे? सुरी किंवा बाटलीची मान तारेवरून घसरतांना स्वर तुटत नाहीं. आपल्याला मींडेचीच आठवण व्हावी. गंधार आणि निषाद शुद्धाहून किंचित् उतरलेले, शुद्ध व कोमल यांच्या मध्यें कोठेंतरी घोटाळणारे असतात. कडवें बहुधा तीन ओळींचें: पहिली ओळ दुःख सांगते, दुसरी तेंच पुन्हां सांगते, तिसरी त्याला उत्तर देते. प्रत्येक ओळीनंतर गायक थांबतो आणि गिटार बोलते. एकटा माणूस असा आपल्याशींच संवाद करतो.

मिसिसिपी जॉन हर्ट या शेतकऱ्याचीं गाणीं १९२८ सालीं मुद्रित झालीं. तबकड्या फारशा खपल्या नाहींत. तो आपल्या गांवीं शेतींत परतला. पुढें १९६३ सालीं, त्याच्याच एका गाण्यांत आलेल्या ॲव्हलॉन या गांवाच्या नांवावरून रसिकांनीं त्याला शोधून काढलें. बोटें आणि गळा शाबूत होता. त्याच वर्षीं न्यूपोर्टच्या महोत्सवांत सहस्रावधि लोकांनीं त्याला ऐकलें. तीन वर्षांनीं, १९६६ सालीं, तो वारला.

ज्यांचीं नांवें वहींत केवळ ऋणको म्हणून लिहिलीं गेलीं, त्यांनीं स्वतःचें म्हणणें या गाण्यांत लिहून ठेवलें. अशी एखादी तबकडी ऐकण्याचा योग आल्यास तिच्यांतील खरखरीकडे दुर्लक्ष करावें आणि तिसऱ्या ओळीची वाट पाहावी. दुःखाला दिलेलें उत्तर तेथें सांपडतें.