धर्मशाळेचा धर्म

(सुवर्णमहोत्सवी समारंभात आश्रय-उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा प्रसंग. आपले गणेशोत्सव, नाटके, कोजागरी आणि हळदीकुंकू यांची उजळणी आमच्या आधीच्या वक्त्यांनी मोठ्या रसाळपणे केली. आम्हांला मात्र पुढचे थोडे बोलावयाचे आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृह उभारावे, असे आपल्यांपैकी काहींना वाटते. रुग्णांच्या नातलगांसाठी एक लहानशी धर्मशाळा चालवावी, असे आम्हांस वाटते. निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे. आमचे काम केवळ बाजू मांडण्याचे.

सरोजिनी नगर, म्हणजे पूर्वीचे विनय नगर, ही सरकारी नोकरांची वसाहत. येथून हाकेच्या अंतरावर दोन मोठी रुग्णालये समोरासमोर उभी आहेत. सफदरजंग रुग्णालयाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यासाठीचे इस्पितळ म्हणून झाला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले 'एम्स', १९५६ साली स्थापन झाली. रोग्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचे काय? रुग्णालयांच्या परिसरात विश्रामसदने आहेत आणि त्यांचे कार्य मोठे आहे. तरीही जानेवारीच्या रात्री पदपथावर आणि भुयारी मार्गात पांघरुणात गुरफटलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांत कधी नऊवारी लुगडेही दिसते आणि आपली पावले अडखळतात.

ही माणसे गावी बेघर नसतात. कोणाचे चार खणांचे घर असते, कोणाची दोन एकर कोरडवाहू जमीन असते. आजार त्यांना दिल्लीत बेघर करतो. कर्करोगावरील किरणोपचार बहुधा आठवड्याचे पाच दिवस आणि असे कित्येक आठवडे चालतात. प्रत्येक वेळेचा उपचार काही मिनिटांचा असतो. परंतु तेवढ्यासाठी महिना-दीड महिना शहरात राहावे लागते. रोग्याला खाट द्यावी लागत नाही म्हणून तोही नातलगांबरोबर पदपथावर येतो. औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला स्वच्छ पाणी, ताजे अन्न आणि धूळ नसलेली जागा हा औषधाचाच भाग होय.

ह्या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलुखाने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. अमरावती जिल्ह्यातील शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी, म्हणजेच आपल्या गाडगेबाबांनी, १९०५ साली घर सोडले. स्वतःचे घर सोडलेल्या ह्या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे इतरांसाठी छपरे उभारली. ते रंजल्यागांजल्यांत देव पाहत, आणि त्यांच्या प्रसिद्ध दशसूत्रीत 'बेघरांना आसरा' हे एक सूत्र आहे. १९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली. यात्रेकरूंची धर्मशाळा रुग्णालयाच्या दारी नेणे, ही त्यांची मोठी दृष्टी होय. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आजही आसऱ्यास येतात.

त्याच गाडगेबाबांकडून आणखी एक धडा घ्यावयाचा आहे आणि तो थोडा कडू आहे. पंढरपुरात जातीजातींच्या धर्मशाळा होत्या, पण अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला त्यांत पाठ टेकण्यास जागा नव्हती. म्हणून बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तेव्हा भक्तीच्या नावाने उभारलेल्या घराची परीक्षा दाराबाहेर कोण उरतो, यावर होते. आपल्या धर्मशाळेविषयी पहिला प्रश्न हाच येणार आहे : ती केवळ मराठी माणसांसाठी असावी काय?

आमचे उत्तर असे. भाषेची अडचण मोठी आहे. फॉर्मवरील हिंदी-इंग्रजीने भांबावलेल्या वऱ्हाडच्या बाईला मराठीत समजावून सांगणारे माणूस मिळाले की तिचा निम्मा भार उतरतो. ती सेवा आपणच देऊ शकतो, म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी ती आधी द्यावी. परंतु रिकामी चटई असताना बिहारच्या किंवा बुंदेलखंडच्या माणसाला भाषा विचारून परतवावयाचे असेल, तर भिंतीवर बाबांची तसबीर लावू नये. तसेच सायंकाळी भजन व्हावे, परंतु त्यास बसणे सक्तीचे नसावे. दिवसभर रांगेत उभे राहिलेल्या माणसाची झोप हीदेखील पूजाच आहे.

आता व्यवहार. धर्मशाळा श्रद्धेने सुरू होते. चालते ती नोंदवहीने. नाव, गाव, रुग्णालयाच्या कार्डाचा क्रमांक आणि पुढील तपासणीची तारीख लिहून घेतलीच पाहिजे. मुक्कामाची मुदत उपचाराच्या कागदावरून ठरावी, कार्यकर्त्याच्या ओळखीवरून नव्हे. स्त्रियांची खोली वेगळी व आतून कडी लागणारी हवी. सामानास कुलूप, अंघोळीस ऊन पाणी आणि आग लागल्यास बाहेर पडण्यास दुसरा दरवाजा हवा. केंद्र सरकारच्या शहरी बेघर आश्रय योजनेत माणशी पन्नास चौरस फूट जागेचे मान ठरवले होते. आपल्या उत्साहापायी त्याहून दाटी होऊ देऊ नये. नाममात्र शुल्क घ्यावे, कारण दोन पैसे मोजणारा माणूस मान वर करून राहतो; ज्याच्यापाशी तेही नाहीत, त्याला चारचौघांत विचारू नये. आणि एखादा रोगी दगावला, तर निगमबोध घाटापर्यंत सोबत जाणारी दोन माणसे यादीत आधीच ठरलेली असावीत.

आपला समाज लहान आहे. दहा कार्यकर्ते पहिले वर्ष हौसेने पाळी करतील, तिसऱ्या वर्षी चार उरतील. म्हणून रात्रपाळीस पगारी माणूस लागेल. येथेच खरी मेख आहे. बांधकामाला देणगी मिळते, कारण भिंतीवर नाव कोरता येते. विजेच्या बिलावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. म्हणून आम्ही इमारत मागत नाही. भाड्याच्या चार खोल्या आणि पाच वर्षांचा चालू खर्च, एवढेच मागतो. गाडगेबाबांनी आपल्या संस्थांच्या कारभारात स्वतःच्या नातलगांना स्थान दिले नाही. आपणही उपसमितीतील कोणाचे घरचे माणूस पगारावर घेऊ नये.

'हे काम सरकारचे आहे' असे कोणी म्हणेल. तेही खरे आहे. २०१० च्या जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या आसऱ्याची जबाबदारी शासनावर टाकली, आणि त्याच वर्षी दिल्ली शहरी आश्रय सुधार मंडळाचा कायदा झाला. २०११ च्या जनगणनेत दिल्लीत सुमारे सत्तेचाळीस हजार बेघर मोजले गेले. शासनाच्या कर्तव्याची आठवण आपण देत राहूच. परंतु आज रात्रीची थंडी अर्जाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

बंधुभगिनींनो, छप्पर जाणे म्हणजे काय, हे आपल्यालाही थोडे ठाऊक आहे. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टरची किल्ली परत करून आपल्यांतील किती कुटुंबे द्वारका, मयूर विहार, नोएडा अशी पांगली! २०१६ साली ह्या वसाहतीच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली आणि आपल्या अंगणांतील ओळखीच्या भिंती पडू लागल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये येथील सुमारे दोनशे झोपड्या पाडण्यास सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली, तेव्हा त्या झोपड्यांतून आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरील काळजी आपण पाहिली. आपल्याला दुसरे घर मिळाले, हा नशिबाचा भाग. ज्यांना एका रात्रीपुरतेही मिळत नाही, त्यांच्यासाठी चार खोल्या उघडणे आपल्या हाती आहे.

सभागृह झाले तर आम्हीही त्यात आनंदाने नाटक पाहू. परंतु आधी धर्मशाळा व्हावी, अशी आमची नम्र विनंती आहे. ठराव आपल्यापुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.