दुभाष्या आणि तयार भाग



कामगार संघटनेचा कार्यकर्ता संगणकाच्या दुखण्यावर काय बोलणार, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. परंतु हे दुखणे आमच्या कचेरीत आले तेव्हा त्याची पहिली झळ एका कामगाराच्या पोराला लागली, म्हणून हा विषय घेतला.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या जादा कामाच्या मजुरीचा हिशेब आम्ही संगणकावर ठेवतो. सुनावणीला तीन दिवस उरले असता शहापूरच्या कचेरीतील नव्या यंत्रावर तो प्रोग्राम उघडेना. पडद्यावर अक्षरे उमटली : ‘डीएलएल लोड फेल्ड’. जुन्या यंत्रावरून सारे उतरवून आणणाऱ्या मुलाकडे सर्वांनी बोट दाखवले. हिशेब बुडाला, त्याला काढून टाका, इथपर्यंत गोष्ट गेली. आम्हीही त्या रात्री त्याला नको ते बोललो, हे कबूल केले पाहिजे.

आता कारण पाहू. आमचा प्रोग्राम पायथन भाषेत लिहिलेला आहे. गिदो व्हान रॉसुम या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध केली. यंत्राला ती थेट कळत नाही. मध्ये इंटरप्रिटर नावाचा दुभाष्या बसतो. आकडेमोडीसारखी जड कामे तो आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवलेल्या तयार भागांकडे, म्हणजे लायब्ररीकडे, सोपवतो. हे भाग बहुधा दुभाष्याच्या ठराविक आवृत्तीसाठी घडवलेले असतात. आणि विंडोजवर ६४ बिटांच्या दुभाष्याला ३२ बिटांचा भाग मुळीच चालत नाही. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. दुभाष्या नवा, भाग जुने.

शहापूरकरांना हे आगगाडीवरून पटेल. कसाऱ्याच्या घाटात पूर्वी तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. इगतपुरीपुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती. म्हणून इगतपुरीला इंजिन बदलावे लागे. इंजिन निकोप, तारही निकोप. जोडी मात्र जमत नसे. ड्रायव्हरला बडतर्फ करून ती गाडी सुटली नसती.

उपाय असा केला. प्रथम नोंदींच्या फाईलची प्रत काढली. ती फाईल प्रोग्रामपासून वेगळी असते. प्रोग्राम अडला म्हणजे हिशेब बुडाला असे नव्हे. मग कोणता दुभाष्या चालतो आहे ते पाहिले. एकाच यंत्रावर दोन-तीन असू शकतात. सुरू होताना तो आपली आवृत्ती आणि बिट स्वतःच सांगतो. पुढे लायब्ररीच्या फाईलींची नावे वाचली. नावात ‘सीपी३११’ असेल तर ती ३.११ साठी, ‘विन३२’ म्हणजे ३२ बिटांची, ‘एएमडी६४’ म्हणजे ६४ बिटांची, आणि ती इंटेलच्या यंत्रालाही चालते. शेवटी या प्रोग्रामपुरते वेगळे बिऱ्हाड थाटले. ‘व्हेन्व्ह’ नावाची ही सोय पायथनमध्ये २०१२ पासून आहे. त्या बिऱ्हाडातल्या दुभाष्याकरवीच लायब्ररी नव्याने बसवली आणि सर्व आवृत्त्यांची यादी वहीत लिहिली. एक सावधगिरी मात्र ठेवावी : सुटी डीएलएल कुठूनतरी आणून घालू नये. मूळ रोग तसाच राहतो, वर नवा जडण्याचे भय.

हिशेब उघडला, कागद सुनावणीला पोचले. त्या मुलाची आम्ही सर्वांसमोर क्षमा मागितली. आता ती वही तोच सांभाळतो. यंत्र अडले की आधी माणसाला धरायचे, ही खोड मालकांची, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. ती आमच्याही अंगात होती.