अर्जातील आकडा : पडताळणी दारातच हवी



घाटंजी तालुक्यातील कपाशी पिकविणारा शेतकरी पूर्वी कागदी अर्ज घेऊन कार्यालयात येई. लिपिक अर्जावर नजर टाकी आणि एखादा आकडा चुकला असल्यास तेथल्या तेथे दुरुस्त करवून घेई. आता पीक विम्यासारखे अर्ज संगणकावर भरले जातात. रकान्यात जे उमटेल तेच पुढे जाते. चूक उशिरा उघडकीस आली, तर तोवर मुदत टळून गेलेली असते.

लिपिकाची ती पहिली नजर संगणकाला देण्याचे काम जावास्क्रिप्ट ही भाषा करते. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत ती तयार केली. तिच्यात लिहिलेली आज्ञावली अर्जाच्या पानाबरोबरच अर्जदारासमोरील संगणकावर उतरते. त्यामुळे अर्ज दूरच्या मुख्य संगणकाकडे रवाना होण्यापूर्वीच चूक दाखविता येते.

पिनकोडचेच उदाहरण घ्यावे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला हा क्रमांक सहा अंकी असतो व त्याचा पहिला अंक शून्य नसतो. घाटंजीच्या ४४५३०१ मधील एक अंक गळाला, तर आज्ञावली तत्काळ हटकते. आधार क्रमांकाचे १२ अंक असून त्यातील शेवटचा पडताळ्याचा आहे. व्हेरहूफ या डच गणितज्ञाच्या रीतीने तो काढला जातो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, की हिशेब जुळत नाही.

मात्र पडताळणी लिहिणाऱ्यानेही माणूस ओळखला पाहिजे. जावास्क्रिप्टची नेहमीची अंकतपासणी इंग्रजी वळणाचेच अंक मानते. कोणी मराठीत '२' लिहिल्यास 'हा आकडा नव्हे' असा शेरा मिळतो. वस्तुतः मराठी अंकांचे आधी रूपांतर करून घेणे मुळीच अवघड नाही. बँकेचा खाते क्रमांक तर बेरीज-वजाबाकीचा आकडाच नव्हे. त्याला संख्या मानले, तर आरंभीची शून्ये गळून पडतात. म्हणून तो अक्षरांप्रमाणेच जतन करावा.

सर्वांत फसवा रकाना क्षेत्राचा. एक हेक्टर म्हणजे १०० आर. सातबाऱ्यावरील १ हेक्टर ५ आर जमीन कोणी १.५ अशी भरली, तर ती १ हेक्टर ५० आर होते. दोन्ही आकडे नियमात बसतात, म्हणून आज्ञावली गप्प राहते. यावर उपाय साधा आहे. हेक्टर व आर यांचे रकाने वेगळे ठेवावेत, आरची मर्यादा ० ते ९९ असावी आणि भरलेले क्षेत्र 'एक हेक्टर पाच आर' असे अक्षरी दाखवावे.

अर्जदारासमोरील तपासणी बंदही करता येते. म्हणून मुख्य संगणकाने तीच तपासणी पुन्हा केली पाहिजे. शिवाय आकडा नियमात बसला म्हणजे तो त्याच माणसाचा आहे, असे सिद्ध होत नाही. ते काम सातबारा, पासबुक व माणसाची नजर यांचेच आहे. ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अर्ज पाठविण्यापूर्वी भरलेले आकडे शेतकऱ्याला एकदा मोठ्याने वाचून दाखविले, तरी त्याचे पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतील.